गच्चीवरचा रेडिएटर

११ नोव्हेंबर

ही डायरी लेकीने दिली. कुठल्याशा विमा कंपनीची, गेल्या वर्षीची. तारखा चालतात, वार चालत नाहीत. म्हणाली, "बाबा, हल्ली तुम्ही विसरता. लिहून ठेवत जा." मी काही विसरत नाही. मागच्या आठवड्यात दुकानाला कुलूप न लावता घरी आलो, एवढं एकच. आणि चोर शिरलाच असता तरी चाळीसेक पितळी रेडिएटर उचलताना त्याचीच पाठ धरली असती.

आता काय लिहायचं? बेचाळीस वर्षं रेडिएटर दुरुस्त करतो. इंजिनाचं तापलेलं पाणी बारीक नळ्यांच्या जाळीतून फिरून थंड होतं, ती जाळी म्हणजे रेडिएटर. नळी फुटली की मी तिथे डाख लावतो, म्हणजे शिसं आणि कथील वितळवून भोक बुजवतो. हल्लीचे रेडिएटर ॲल्युमिनियमचे, कडेला प्लास्टिक. त्यावर डाख धरत नाही. गळला की फेकायचा आणि नवा बसवायचा. महिन्याला दोन कामं येतात, त्यातलं एक उगाच गप्पा मारायला आलेल्या माणसाचं असतं. दुपारी खुर्चीत बसलो की उठवत नाही. वय झालं.

१४ नोव्हेंबर

लेकीकडे निरीक्षक बाई येऊन गेल्या. खालच्या दोन खोल्यांत तिचं पाळणाघर आहे, वरच्या दोन खोल्यांत ती आणि मी. बायको गेल्यापासून मी इथेच असतो. जावई तीन वर्षांपूर्वी गेला तो गेला, त्याचं नाव आम्ही काढत नाही. अकरा पोरं येतात, आठ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतची. आयांना कामावर जायचं असतं, त्या सकाळी रडणारं पोर हिच्या हातात देतात आणि मागे न बघता निघतात.

बाईंनी लिहून दिलंय की फेब्रुवारीअखेर पोरांच्या बेसिनला आणि न्हाणीला गरम पाण्याचा नळ हवा, नाहीतर परवाना पुढे मिळणार नाही. आजवर ती पातेल्यात पाणी तापवून नेत होती. बाईंचं म्हणणं, लहान पोरांमधून उकळतं पातेलं नेणं धोक्याचं आहे. बरोबरच आहे. विजेचा बंब लावायचा तर घराच्या तारा इतक्या जुन्या की वायरमनने बोर्ड उघडून पाहिला आणि हात जोडले.

लेक रात्री जेवताना म्हणाली, "बंद पडलं तर पडलं. मी कुठेतरी नोकरी बघेन." असं ती अगदी शांतपणे म्हणाली. लहानपणीही रडायची नाही, नुसती ताटातलं अन्न एका बाजूला सारत बसायची. आजही तेच करत होती.

१५ नोव्हेंबर

सकाळी दुकानात बसल्या बसल्या सुचलं. रेडिएटर पाणी थंड करतो, म्हणजे काय करतो? आतली ऊब बाहेर देतो. बाहेर हवा असली तर हवेला देईल. बाहेर पाणी असलं तर पाण्याला देईल.

म्हणजे असं. गच्चीवर काचेखाली काळ्या नळ्यांचा पट्टा ठेवायचा. तो उन्हात तापणार. त्यातलं गरम पाणी रेडिएटरमध्ये सोडायचं, आणि रेडिएटर अख्खा एका टाकीत बुडवून ठेवायचा. रेडिएटर टाकीतलं पाणी तापवेल आणि ते खाली नळाला येईल. गच्चीवरच्या नळ्या आतून गंजून चोंदू नयेत म्हणून त्यात गाडीत घालतात ते हिरवं औषध घालावं लागेल, आणि ते विषारी. पण ते राहणार जाळीच्या आत, पोरांचं पाणी जाळीच्या बाहेर. दोन्ही कधी भेटणार नाहीत. हे मी लेकीला तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "बाबा, कळलं. भेटणार नाहीत."

बऱ्याच दिवसांनी कागदावर काहीतरी आखलं. उजव्या हाताने रेघ सरळ येत नव्हती, पट्टी लावून आखली.

२० नोव्हेंबर

ट्रकचा जुना रेडिएटर निवडला. जाड पितळ, रुंद जाळी. असा माल आता बनत नाही. तेजाबाने धुतला, नळ्यांतून सळई घातली, मग एकेका नळीत तोंडाने फुंकर मारून पाहिली. नळी मोकळी आहे की चोंदलेली, हे फुंकरीइतकं कशानेच कळत नाही. दोनदा जुन्या औषधाचा गोडसर घोट तोंडात आला, थुंकलो. सतरा नळ्या कच्च्या निघाल्या. सगळ्यांना नवा डाख लावला. एका हातात जाळाची बत्ती, एका हातात ब्रश, त्यामुळे डाखाची कांडी दातात. उस्तादाने शिकवलं तसं. डाखही उस्तादाच्याच मापाचा, दोन भाग शिसं आणि एक भाग कथील. बाजारात आता बिनशिशाचा मिळतो, पण तो वाहत नाही, गोळे होतात. लेकीच्या कामाला मी तसलं काही वापरणार नाही.

हौदात बुडवून हवा भरली. एकही बुडबुडा नाही. नळ्यांच्या टोकांवरचा डाख चांदीसारखा चमकत होता. बघत बसलो.

पोट दुखतंय. चार दिवस साफ झालं नाही.

२ डिसेंबर

तोंडावर पडलो. लिहायचं ठरवलंय तर तेही लिहितो.

पोरं खाली आहेत म्हणून मी टाकी खाली न्हाणीजवळ ठेवली आणि पट्टा वर गच्चीवर. दोन दिवस कडक ऊन. वरच्या नळ्यांना हात लावला तर चटका बसत होता आणि खाली टाकी थंडगार. सगळे जोड तपासले, पुन्हा फुंकून पाहिले. शेवटी नळवाल्याला बोलावलं. हा माझ्या शेजारच्या गाळ्यातला, तीस वर्षांचा दोस्त, नळजोडणीची कामं करतो. त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं आणि जिन्यात बसून हसायलाच लागला.

"अरे, गाडीत पाणी कोण फिरवतं?"

"पंप."

"मग तुझ्या गच्चीत पंप कुठंय?"

बेचाळीस वर्षं मी पंपाच्या जिवावर पाणी फिरताना पाहिलं. पाणी आपोआपही चालतं, गरम झालं की वर चढतं आणि गार झालं की खाली उतरतं, हे डोक्यातच आलं नाही. टाकी पट्ट्यापेक्षा उंच हवी. लेक म्हणाली, "बाबा, हे तर शाळेत शिकवतात." मी शाळेत कुठे गेलो होतो?

५ डिसेंबर

टाकी गच्चीवर चढवली, लोखंडी घोडीवर, पट्ट्याच्या वर. मी, नळवाला आणि त्याचा मेव्हणा. जिन्याच्या वळणावर माझा उजवा हात अचानक सुटला. दुखला नाही, नुसता सुटला, जणू माझा नव्हताच. मेव्हण्याने वेळेवर खांदा लावला म्हणून बरं. नळवाल्याने टाकी घोडीवर नीट बसवली. नंतर म्हणाला, "तुझा पण पडायला लागला वाटतं."

आमच्या धंद्यात ही नवी गोष्ट नाही. उस्तादाचा हात असाच मनगटातून खाली लोंबायचा. त्याच्या उस्तादाचाही. हात पडला की माणूस पक्का कारागीर झाला असं आम्ही पोरं समजायचो, आणि कोपऱ्यात बसून मनगट सैल सोडून उस्तादाची नक्कल करायचो. माझा पडायला बेचाळीस वर्षं लागली. आता एवढी हौस राहिली नाही.

२१ डिसेंबर

पाणी आलं. गरम.

पहिल्या दिवशी कोमट होतं, आज दुपारी बेसिनच्या नळाला हात धरवत नव्हता. थंड मिसळायची तोटी लावावी लागली. पोरं रांगेत उभी राहून हात धुवायला आली. धुतलेले हात पुन्हा घाण करून परत रांगेत लागली. सगळ्यात धाकटा, आता नऊ महिन्यांचा, त्याला लेक ठिपका म्हणते कारण कपाळावर तीळ आहे. त्याला तिने न्हाणीत पहिल्यांदा भरपूर पाण्यात बसवलं. तो पाण्यावर थापा मारत होता आणि प्रत्येक थापेनंतर माझ्याकडे बघत होता.

ठिपका पावडरच्या दुधावर आहे, दिवसाला चार बाटल्या. लेकीने विचारलं, "बाबा, दुधाला हे पाणी चालेल?"

मी म्हणालो, "माझ्या हातचं काम आहे. डोळे मिटून वापर."

ती बरं म्हणाली. आज थकवा होता, पण वेगळा.

२२ डिसेंबर

आमच्या वरच्या स्वयंपाकघरातही एक नळ काढला आहे. सकाळी लेकीने माझ्यासमोर त्याच नळाखाली पातेलं धरलं. "आजपासून चहा तुमच्या पाण्याचा." कप भरून प्यायली. विचारलं कसा झालाय, तर म्हणाली, "लवकर उकळतो." मला तर गोडच लागला. हल्ली सगळंच जरा गोडसर लागतं, जिभेवर नाणं ठेवल्यासारखं.

४ जानेवारी

ढग. पाणी कोमट. पोटात कळा. दुकान उघडलं नाही.

१२ जानेवारी

काल लेकीवर ओरडलो. कारण काय तर चष्मा. चष्मा माझ्याच खिशात होता. आधी मी असा नव्हतो. बायको म्हणायची, तुम्हाला राग येईपर्यंत समोरचा जेवून उठतो.

तिने सकाळी नेहमीसारखा चहा केला, माझ्या नळाचा. मी विचारलं, "ठिपक्याच्या दुधाला तेच पाणी घेतेस ना?" मी हे रोज विचारतो, मलाही कळतं. ती म्हणाली, "हो बाबा, तेच." मग ठिपक्याची आई त्याला सोडायला आली. तिला मी म्हणालो, "तुमच्या बाळाचं दूध आता सूर्यावर तापतं." तिला बरं वाटलं, ती आणखी काही विचारणार होती, पण लेकीने मध्येच लंगोटांचं काहीतरी काढलं आणि तिला दारापर्यंत नेलं. लेकीला माझं कौतुक झालेलं बघवत नाही की काय? असं मनात आलं. लिहून टाकलं म्हणजे निघून जाईल.

२७ जानेवारी

निरीक्षक बाई आल्या. नळ सोडून बघितला, थर्मामीटर धरला, वहीत टिपलं. गच्चीवरही चढल्या, जाड बाई, धापा टाकत. "हे कोणी केलं?" मी हात वर केला, डावा. म्हणाल्या, अशी अडचण आणखी दोन पाळणाघरांना आहे, त्यांना तुमच्याकडे पाठवते. परवान्याचं काम झालं. लेकीने बाई गेल्यावर दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. मग माझ्याजवळ येऊन माझ्या शर्टाचं वरचं बटण लावलं. ते माझ्याने हल्ली लागत नाही. मला वाटलं होतं तिच्या लक्षात आलं नसेल.

मला आनंद झाला. तो इथे सरळ लिहितो.

३ फेब्रुवारी

दुसरा रेडिएटर घेतला, एका पाळणाघरासाठी. दिवसात पाच नळ्याच झाल्या. ब्रश हातात राहत नाही, कापडाने बांधून घेतला.

९ फेब्रुवारी

कप पडला. लेकीने तुकडे उचलले आणि चपला घातल्या. "चला, डॉक्टरांकडे." मी म्हणालो वय आहे. ती म्हणाली, "शेजारचे नळवाले काका तुमच्याच वयाचे आहेत." मीही चपला घातल्या.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. हात वर करा म्हणाल्या. हात वर झाला, पंजा खाली लोंबत राहिला. हिरड्या बघितल्या, नखं बघितली. मग विचारलं, "काका, काम काय करता?" सांगितलं. त्यांनी लिहिणं थांबवलं. रक्त काढून घेतलं.

१३ फेब्रुवारी

लेकीच्या मागे पोरं होती म्हणून एकटाच गेलो. रक्तात शिसं निघालं. असावं त्याच्या आठपट. बाईंनी कागद माझ्याकडे वळवून आकड्यावर पेन ठेवलं.

म्हणाल्या, हात, पोट, विसरणं, चिडणं, थकवा, सगळं त्याचंच. धुरातून जातं, हाताला लागून जेवणातून जातं. कांडी दातात धरता का, विचारलं. मी हो म्हणालो तेव्हा त्यांनी डोळे मिटले. गोळ्या दिल्या. दुकान बंद करा म्हणाल्या, आज. हात थोडा सुधारेल, सगळा नाही. "घरात लहान मुलं आहेत का? मुलांना हे फार वाईट असतं, थोडंसुद्धा. डोक्यावर परिणाम होतो, कायमचा." मी सांगितलं, खाली पाळणाघर आहे, पण मी कामाच्या कपड्यांनी तिथे कधी जात नाही, हातपाय धुतल्याशिवाय पोराला हात लावत नाही. त्या म्हणाल्या, "हे चांगलं करता."

लेकीला सांगितलं, रक्त कमी आहे. तिला आणखी एक ओझं कशाला?

१५ फेब्रुवारी

दुकान उघडलं नाही. दिवसभर उस्ताद आठवत होता. शेवटी शेवटी तो आम्हाला ओळखत नव्हता. बसल्या बसल्या रडायचा, भाकरीचा तुकडा तोंडाकडे नेताना वाटेत सांडायचा. आम्ही म्हणायचो, म्हातारा पिकला. त्याचं वय तेव्हा बावन्न होतं. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठा आहे.

ज्याला आम्ही कारागिरी समजलो ते दुखणं होतं. आणि आम्ही त्याची नक्कल करून हसायचो. फार वाईट वाटतंय, आणि सांगायला कोणी नाही. नळवाल्याला सांगणार होतो, तो गिऱ्हाइकाशी भांडत होता.

ऊन छान पडलं होतं. पाणी चांगलं तापलं.

१९ फेब्रुवारी

सकाळी लेक म्हणाली, टाकीच्या खालून ठिबकतंय. बघितलं. नळाचा जोड टाकीला जिथे बसतो तिथे गळत होतं. छोटं काम होतं. दुकान बंद असलं तरी हे घरचं, एवढ्याने काय होतं, म्हणून बत्ती आणि कांडी घेऊन गच्चीवर गेलो. टाकी अर्धी उपसली. झाकण काढलं, आत वाकलो.

दोन्ही हात गुंतले होते. कांडी सवयीने दातात गेली. गोडसर लागली, आणि डॉक्टरीणबाईंचे मिटलेले डोळे आठवले. घाबरून कांडी तोंडातून काढली. तोंड पुसलं. थुंकलो. मग ती कांडी जोडावर टेकवायला टाकीत नेली.

हात तिथेच राहिला. जी वस्तू मी तोंडातून घाबरून काढली ती मी पाण्यात घालत होतो.

समोर रेडिएटर होता, निम्मा पाण्याबाहेर. सतरा नळ्या, दोन्ही टोकांना माझा डाख. नोव्हेंबरात चमकत होता. आता त्यावर पांढरी बुरशीसारखी साय आली होती. बोटाने पुसली तर निघून आली. ती दोन महिने रोज पाण्यात निघत होती. गरम पाण्यात.

हिरवं औषध पोरांच्या पाण्याला लागू नये म्हणून मी किती काळजी घेतली. आत काय आहे तेवढंच पाहिलं. बाहेरून काय लावलंय ते पाहिलं नाही, कारण ते माझं होतं.

ठिपका. चार बाटल्या. दोन महिने.

टाकी रिकामी केली. सगळं पाणी गच्चीवर ओतलं, पन्हाळीतून रस्त्यावर गेलं. लेक खालून आली, "बाबा, नळाला पाणी नाही." मी म्हणालो, गळती मोठी आहे. दोन दिवस लागतील. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. तुम्ही बसा, तुम्हाला बरं दिसत नाही, असं म्हणाली.

मी सांगितलं नाही. सांगता आलं नाही. दुपारी ठिपक्याची आई आली तेव्हा मी न्हाणीत जाऊन कडी लावून बसलो.

२० फेब्रुवारी

सकाळी पोरं यायच्या आधी सांगितलं. आधी माझ्या रक्ताचं, मग टाकीचं. डॉक्टरीणबाई मुलांबद्दल काय म्हणाल्या तेही. मी जमिनीकडे बघून बोलत होतो. म्हणालो, पोलिसांना बोलाव, पालकांना माझं नाव सांग, तुझ्यावर काही यायला नको.

ती म्हणाली, "बाबा, वर बघा. दुधाला मी ते पाणी कधी घेतलंच नाही."

मला कळेना.

"एकदाही नाही. दूध, पेज, प्यायचं पाणी, सगळं खालच्या थंड नळाचं, गॅसवर उकळून. तुमचं पाणी फक्त हात धुवायला आणि अंघोळीला."

"पण मी रोज विचारायचो."

"तुम्ही रोज विचारायचात म्हणून मी रोज हो म्हणायचे."

मी विचारलं, तुला कसं कळलं? ती म्हणाली, कळलं काही नव्हतं. लहानपणी दुकानात यायचे तेव्हा तुम्ही दारातच सांगायचात, कशाला हात लावू नको, लावलास तर तो हात तोंडात घालू नको. तेवढंच डोक्यात होतं. तुमच्या दुकानातली वस्तू पोरांच्या तोंडात द्यायला मन होईना. तुम्हाला सांगून तुमचं मन कशाला मोडू?

मी तिथेच पायरीवर बसलो. रडलो. बायको गेली तेव्हाही असा रडलो नव्हतो. जीव भांड्यात पडला होता आणि त्याच वेळी असंही वाटत होतं की दोन महिने माझी लेक माझ्याकडे बघून खोटं हसत होती. पण कोणीतरी माझ्यावर विश्वास ठेवला नाही याचा आयुष्यात पहिल्यांदा मला आनंद झाला.

पहिलं पोर आलं, ती दार उघडायला गेली.

२३ फेब्रुवारी

लेकीने सगळ्या पालकांना बोलावून स्वतः सांगितलं. मी म्हणालो होतो, दुधात नव्हतं तर सांगायचं कशाला? ती म्हणाली, पोरं अंघोळीचं पाणी पितात, बाबा, तुम्ही पोर कधी न्हाऊ घातलंय का? नव्हतं घातलं. तिलाही बायकोच घालायची.

दोन पोरांचे बाप ओरडले. एकाने पोराची पिशवी उचलली आणि गेला. ठिपक्याची आई नुसती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. मला ओरडलेलं परवडलं असतं. सगळ्या पोरांचं रक्त तपासायला दिलं. डॉक्टरीणबाई लेकीलाही म्हणाल्या, तुमचंही देऊन टाका.

निरीक्षक बाईंनाही तिने कळवलं. त्यांनी महिनाभराची मुदत दिली. नळवाला टाकीत रेडिएटरऐवजी बसवायला स्टीलची नळी गोल वळवतोय. मला कशाला हात लावू देत नाही. दुसऱ्या पाळणाघरासाठी घेतलेला रेडिएटर मी त्याच्याचकडून कापून घेतला, बाकीचे एकोणचाळीस भंगारवाल्याला दिले. त्याला सांगितलं, धुऊन घे हात. तो हसला. त्याने कांडी नाही, बिडी धरली होती दातात.

३ मार्च

रिपोर्ट आले. अकरा पोरांचे, जो बाप रागावून पोराला घेऊन गेला त्याच्याही पोराचा. लेकीने एकेक कागद वाचला, मी बोटांनी मोजत होतो. सगळे ठीक. ठिपक्याचाही. त्याची आई तिथेच फरशीवर बसली आणि त्याला इतकं घट्ट धरलं की तो चिडून ओरडायला लागला.

मग बारावा कागद लेकीने वाचला आणि घडी करून कमरेला खोचला. मी मागितला. नाही म्हणाली. मी हात पुढे धरून उभा राहिलो, शेवटी दिला.

तिचा आकडा माझ्याइतका नाही. पण असावा त्याच्या तिपटीहून वर. डॉक्टरीणबाईंनी खाली लिहिलं होतं की पाणी बंद केल्यावर सहा महिन्यांत उतरेल, मात्र थोडं हाडांत राहील. पुढे मूल व्हायचं असेल तर आधी भेटावं.

मी कागद दोनदा वाचला. ती दुकानात कधी येत नाही. धूर नाही, कांडी नाही. आणि मग चहा आठवला. रोज सकाळी, माझ्यासमोर, माझ्या नळाचा. मोठा कप. मी कप खाली ठेवेपर्यंत ती सबंध प्यायची. मी विचारायचो कसा झालाय, आणि मला बरं वाटायचं.

"तुला तर शंका होती," मी म्हणालो. "पोरांना दिलं नाहीस. मग तू का प्यायलीस?"

ती ठिपक्याची बाटली धूत होती. पाठमोरीच म्हणाली, "पोरं लोकांची आहेत, बाबा. तुम्ही माझे आहात."

मग आत कोणीतरी उठलं आणि रडायला लागलं, ती ओले हात पुसत तिकडे गेली. कागदाची घडी मला एका हाताने घालता येईना, म्हणून तो तसाच उघडा टेबलावर ठेवला.